नगरांतील वनांची साखळी

जरीपटका हें नांव कानीं पडतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें मराठेशाहीचें सोनेरी निशाण उभें राहतें. नागपूरच्या उत्तरेकडील ह्या वस्तीला मात्र आजचें रूप आलें तें १९४७ च्या फाळणीनंतर, सिंध प्रांतांतून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांच्या परिश्रमानें. आधीं घर, मग दुकान, मग शाळा. बागेची पाळी शेवटीं आली, आणि त्यांत नवल तें काय? पुढें उद्यानें झालीं, रस्त्यांच्या कडेला झाडें लागलीं. तथापि घरांच्या दाटींत एकाकी पडलेली बाग, कितीही नीट राखली तरी, थोड्याच जीवांना पुरते. बुलबुल उडून येतो आणि फळांच्या बिया इकडून तिकडे नेतो; बेडूक, मुंगूस, घोरपड यांना मात्र वाहता रस्ता ओलांडणें दुर्घट होतें. एका बागेंतील त्यांचा वंश खुंटला म्हणजे तो दुसरीकडून भरून निघत नाहीं. म्हणून नगररचनेंत बागांच्या संख्येइतकाच त्यांना जोडणाऱ्या वाटांचाही विचार व्हावा लागतो.

नागपुरास अशी वाट निसर्गानेंच आंखून दिली आहे. शहराच्या वायव्येस गोरेवाड्याचें सुमारें १,९१४ हेक्टरांचें वनक्षेत्र असून तेथें २६ जानेवारी २०२१ रोजीं प्राणिउद्यानाचें उद्घाटन झालें. तेथील तलावापासून निघणारी पिवळी नदी मानकापूर, नारा, नारी या भागांतून, म्हणजे जरीपटक्याच्या अगदीं उशापासून, पूर्वेकडे जाऊन नाग नदीस मिळते; पुढें तें पाणी कन्हान व वैनगंगा यांच्या मार्गानें गोदावरीच्या खोऱ्यांत उतरतें. वन, तलाव, नदी आणि शहराबाहेरचीं शेतें अशी ही साखळी आहे. परंतु पिवळी नदीला नाला म्हणण्याची संवय लोकांस जडली आहे, आणि नांव बदललें कीं वागणूकही बदलते. सांडपाणी तिच्यांत, केरकचरा तिच्यांत. जेथें गवत आणि करंजाचीं झाडें असावींत तेथें ठिकठिकाणीं भिंती.

२०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस गायत्रीनगर भागांत बिबट्या दिसला, तेव्हां शहरांत एकच खळबळ उडाली होती. झाडीचे पट्टे राखले तर असे पाहुणे नित्य येतील, असें कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. पण बेडकाची वाट आणि बिबट्याची वाट एकच असावी असा कांहीं नियम नाहीं. मोठ्या श्वापदांची सोय वस्तीबाहेर करतां येते. नागपुराहून कामठीमार्गें शिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर, मनसर ते खवासा या पेंचच्या रानालगतच्या भागांत, जनावरांसाठीं रस्त्याखालून नऊ मार्ग सोडले आहेत. त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरांचा. २०१९ मध्यें तेथील कॅमेऱ्यांनीं वाघासह १८ जातींचे वन्यप्राणी ये-जा करतांना टिपले. वस्तींतील नदीचें काय करावें, याचा धडा अमेरिकेंतील बोस्टन शहरांत सांपडतो. तेथें सांडपाण्यानें कुजलेल्या पाणथळीवर फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनीं १८७८ च्या सुमारास काम हातीं घेतलें. पुराचें पाणी सामावून घेईल अशी बाग तेथें घडविली आणि नदीकांठानें ती इतर उद्यानांशीं जोडली.

पुराचा उल्लेख उगाच केलेला नाहीं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या कांहीं तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकांठच्या वस्त्या पाण्याखालीं गेल्या, माणसें दगावलीं. ज्या नदीला पसरावयास जागा उरत नाहीं ती घरांत शिरते. पिवळी नदीचा पूरही वेगळा वागणार नाहीं.

कांठावरच्या गरीब कुटुंबांना उठवून तेथें बगीचा करणें हा उपाय कागदावर सोपा दिसतो. पण निर्वासितांच्या कष्टांतून उभ्या राहिलेल्या वस्तीशेजारीं नवे निर्वासित निर्माण करणें शोभणारें नव्हे. त्यांना जवळपास पक्कें घर मिळाल्यावांचून त्या जागेला हात लागूं नये. जेथें कांठ अद्याप मोकळा आहे तेथें मात्र थांबण्याचें कारण नाहीं. महानगरपालिका पावसाळ्यापूर्वीं नाग, पिवळी आणि पोरा या नद्यांतील गाळ काढविते. तें काम करतांना दोन्ही कांठ खरवडून न काढतां एका वर्षीं एकच कांठ साफ करावा आणि दुसऱ्यावरचें गवत व झुडपें राहूं द्यावींत. त्याला वेगळ्या निधीची आवश्यकता नाहीं; यंत्र चालविणाऱ्यास तेवढी सूचना पुरे.