अंगावर काढायची सवय

आज बोलायचं आहे एचपीव्हीबद्दल. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस हे या विषाणूचं पूर्ण नाव. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, ज्याला आपल्याकडच्या बायका ‘पिशवीच्या तोंडाचा’ म्हणतात, तो जवळजवळ नेहमीच या विषाणूपासून सुरू होतो. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी हा संबंध उलगडून दाखवला आणि २००८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

तपासणीच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. “मॅडम, मी तर एवढी स्वच्छ राहते, मग मला कसं झालं?” विचारणारीच्या मनात आधीच कुणीतरी भरवलेलं असतं की तूच काहीतरी पाळलं नसशील. ते डोक्यातून काढून टाका. हा विषाणू शरीरसंबंधात, कातडीला कातडी लागून जातो. सार्वजनिक संडासाला यात उगाच बोल लावला जातो. निरोध वापरल्यानं धोका कमी होतो, पण जेवढी कातडी झाकली जाते तेवढ्यापुरताच. आणि हा विषाणू सर्दी-पडशाइतकाच सर्रास आढळतो. लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर त्याला आपोआप घालवून देतं, कळतही नाही. तो वर्षानुवर्षं निमूट राहूही शकतो. म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर नवऱ्यानं बायकोवर किंवा बायकोनं नवऱ्यावर संशय घेऊ नये. केव्हाचा, कुणाकडून, हे त्या कागदावरून सांगता येत नाही.

प्रश्न उरतो तो थोड्या बायकांचा, ज्यांच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो. विशेषतः १६ आणि १८ नंबरचे प्रकार. या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांच्या खात्यावर जातात. इथे मात्र सवयींचा संबंध येतो.

पहिली तंबाखू. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बायकांत हा धोका वाढतो, हे पक्कं आहे. धुरातलं निकोटिन थेट गर्भाशयमुखाच्या स्रावात सापडतं, आणि तिथली प्रतिकारशक्ती दुबळी पडते. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे ओढतो? पण घरातला माणूस चुलीपुढे बसून ओढतोच ना. आणि सकाळी उठल्या उठल्या बोटावर घेऊन हिरड्यांना लावली जाणारी मिश्री, तीही भाजलेली तंबाखूच. तोंडाच्या कॅन्सरसाठी तर ती एकटी पुरेशी आहे.

दुसरी सवय आतून धुण्याची. टीव्हीवरच्या जाहिरातींनी तिला बळ दिलंय. योनीमार्गात चांगले जीवाणू असतात, ते तिथली आम्लता राखतात. साबण किंवा जंतुनाशक द्रव आत घातला की आधी तेच मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे.

या दोन्हींपेक्षा मला तिसरी सवय जास्त घातक वाटते. अंगावर काढण्याची. पांढरं जातंय, वास येतोय, संबंधानंतर रक्त दिसतंय, पाळी जाऊन चार वर्षं झाली तरी कपड्यावर डाग पडतोय, आणि बाई म्हणते, सुगी होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी करून घेतलीत? शंभरात दोघींनीही हो म्हटलं नाही. जिथे तपासणी नाही तिथे भीतीचा धंदा चालतो. ‘पांढरं जातंय, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असं सांगून ऐन तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. बीडच्या ऊसतोड मजूर बायकांची ती कहाणी २०१९ मध्ये सगळ्या देशानं वाचली.

तपासणीनं काय होतं, याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. आठ वर्षांनी पाहिलं तर ज्या गावांत एकदाच, फक्त एकदाच एचपीव्ही टेस्ट झाली होती, तिथे या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या. जवळपास तेवढ्याच संख्येच्या, पण तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगानं आपलं धोरण ठरवताना ते समोर ठेवले. आमच्या मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला हे शिकवलं आणि आमच्याच बायका अजून तपासणीला लाजतात, याचं मला वाईट वाटतं.

सरकारी दवाखान्यातली तपासणी वेगळी आणि अगदी साधी. टेबलावर झोपायचं, नर्स एक उपकरण हलकेच आत बसवते, कापसाच्या बोळ्यानं पातळ व्हिनेगर लावते आणि मिनिटभर थांबते. तेवढ्यात दोष असलेली जागा पांढरी पडते. जरा चुरचुरतं, एवढंच. डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. बहुतेकदा ती कॅन्सरच्या बऱ्याच आधीची अवस्था असते आणि ती जागा गोठवून किंवा जाळून तिथेच काम संपतं. पिशवी काढावी लागत नाही.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. नऊ ते चौदा या वयात ती सगळ्यात चांगली लागू पडते, कारण विषाणूची गाठ पडायच्या आत ती द्यायची असते. लस घेतलेल्या मुलीनंही तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही.

तर बायांनो, वय तीस ते पासष्टच्या दरम्यान असेल तर पाळी नसेल अशा दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जा. तपासणीला पैसे पडत नाहीत, आणि दर पाच वर्षांनी ती करायची आहे. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील. आणि पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर शिबिराची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.