अंड्याचें कवच आणि कोंबडीचें हाड

अंड्याचें कवच म्हणजे बव्हंशीं चुनखडीच होय. एका कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम असतें. तें घडण्यास सुमारें २० तास लागतात, आणि हें काम मुख्यतः रात्रीं चालतें. त्या वेळीं पोटांतला चुना उणा पडला, तर कोंबडी तो स्वतःच्या हाडांतून पुरविते. अंडें सुबक दिसतें; हाडें मात्र ठिसूळ होतात, प्रसंगीं मोडतात. म्हणून सायंकाळीं कालवांच्या शिंपल्यांची जाडसर भरड निराळ्या भांड्यांत ठेवावी; ती सावकाश विरघळून रात्रभर पुरते. ड जीवनसत्त्वावांचून मात्र चुना अंगीं लागत नाहीं. लहान पिलांस हा खुराक देऊं नये. त्यांच्या मूत्रपिंडांस अपाय होतो. नित्य देणाऱ्या जीवाचें भांडार रितें होऊं न देणें, हें पाळणाऱ्याचें कर्तव्यच होय.