बी.पी.च्या घरातली मुलं
(वर्धापनदिनी विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. दवाखान्यात बी.पी. मोजण्याचे काम बरीच वर्षे केले, त्यातून कळले तेवढेच सांगतो.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांना बी.पी. आहे हेच घरात कोणाला ठाऊक नव्हते. मला ते चाळिशीत निघाले. पुढे मुलगा नववीत गेला आणि मी त्याची कबड्डी बंद केली. म्हटलं, घराण्यातच रोग आहे, पोराच्या हृदयाला ताण नको. शिवाय दहावी जवळ आली. ती माझी चूक होती, हे आज तुमच्यासमोर कबूल करतो.

आई-वडिलांना बी.पी. असेल तर मुलांना पुढे तो होण्याचा संभव जास्त, हे खरे. पण म्हणून तर त्यांनी जास्त खेळले पाहिजे! रोज धावणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, म्हणून बसल्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. रक्तवाहिन्या लवचीक राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. कबड्डी, लंगडी, दोरीवरच्या उड्या, सगळे चालते. पैसा लागत नाही.

आणि मुलींचं काय? तेरा वर्षांची झाली की आपण तिला पटांगणातून घरात बोलावतो. बी.पी. काय फक्त मुलग्यांकडेच जातो?

तेराव्या वर्षापासून १२०/८० च्या खाली असले तर ठीक. वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजून १३०/८० किंवा वर आले तर डॉक्टरांना दाखवा. धावताना छातीत दुखले, चक्कर येऊन पडला, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर आधी हृदयाची तपासणी, मग खेळ. लोणचे, पापड, खारे बोंबील कमी करा; हे मी स्वतःलाही सांगतो आहे.

मुलगा पुन्हा मैदानावर जाऊ लागला तेव्हा दोन फेऱ्यांतच धापा टाकत होता. आता तो पळतो, मी कडेने चालतो.

येत्या रविवारी सकाळी ८ ते १० मी इथेच मशीन घेऊन बसणार आहे. मुलांच्या दंडाला लहान पट्टा लागतो, तोही आणीन. मुलींनाही घेऊन या.