उजेडाचे औषध
(पशुपालकांच्या मेळाव्यात एका पशुवैद्याने केलेले भाषण)



आज मला उजेडाविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, उजेडाविषयी काय बोलायचे? सूर्य उगवला की उजेड, मावळला की अंधार. पण उजेड हे औषधही आहे. ते माणसांना देतात, तसे घोड्यांना, बैलांना आणि कुत्र्यांनाही देतात. त्यासाठी तांबडे दिवे निघाले आहेत. लेसर नावाची यंत्रे निघाली आहेत. म्हणून हे औषध कसे द्यावे आणि केव्हा देऊ नये, हे तुम्हाला ठाऊक हवे.

आधी माझीच एक चूक सांगतो.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नवा डॉक्टर होतो. तालुक्याच्या गावी एक तांगेवाले चाचा होते. त्यांच्या काळ्या घोडीची पाठ धरली होती. मी तिला उबेचा दिवा लावायचे ठरवले. चाचांनी सकाळीच तिच्या पाठीला तेल चोळले होते. मी ते पुसले नाही. घोडी हलू नये म्हणून तिला आखूड बांधली. दिवा पाठीजवळ आणला. आणि मंडळी, मी चहा प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा घोडी थरथरत होती. पाठीवर तळहाताएवढी जागा भाजली होती. चाचा घोडीच्या तोंडाशी उभे होते. ते एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दिवा तुमच्या पाठीला लावला असता तर तुम्ही ओरडला असता. ही कुणाला सांगणार?"

मी रोज जाऊन जखम धुतली. जखम भरली. पण त्या जागी केस आले ते पांढरे आले. काळ्या घोडीच्या पाठीवर पांढरा डाग कायमचा राहिला.

आता दुसरे चित्र पाहा. कोंबडीच्या पिलांना आपण दिव्याची ऊब देतो. पिले दिव्याखाली गर्दी करून बसली, तर समजावे की त्यांना थंडी वाजते. पिले दिव्यापासून लांब पळाली, तर समजावे की ऊब जास्त झाली. सगळीकडे सारखी पसरली, तर ऊब बेताची आहे. पिले बोलत नाहीत, पण सरकतात. सरकून सांगतात. आखूड बांधलेली घोडी कुठे सरकणार? म्हणून तिच्या वतीने आपण ध्यान ठेवायचे. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे.

उजेडाचा औषध म्हणून उपयोग फार जुना. डेन्मार्क नावाचा एक देश आहे. तिथे नील्स फिनसेन नावाचे डॉक्टर होते. कातडीला होणाऱ्या क्षयरोगावर त्यांनी दिव्याच्या किरणांनी उपचार केले. त्याबद्दल १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यांचा दिवा फार प्रखर होता. म्हणून त्यांनी दिव्याचे किरण आधी पाण्यातून जाऊ दिले. पाण्याने उष्णता अडवली आणि कामाचा उजेड पुढे गेला. ज्या माणसाने उजेडाचे औषध दिले, त्याने भाजणार नाही याची तजवीज आधी केली. मी ती केली नव्हती.

पुढे १९६० साली पहिला लेसर तयार झाला. मग हंगेरी देशात, बुडापेस्ट शहरात, एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी एक प्रयोग केला. लेसरने कर्करोग होतो काय, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढले आणि तिथे हलका लेसर दिला. कर्करोग झाला नाही. उलट त्या उंदरांचे केस लवकर उगवले. ही १९६७ सालच्या सुमाराची गोष्ट. तेव्हापासून हलक्या उजेडाने जखम लवकर भरते काय, दुखणे कमी होते काय, याचा शोध सुरू झाला.

आज तीन तऱ्हेची साधने मिळतात.

पहिले साधन उबेचा तांबडा दिवा. याचे बरेचसे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला नुसती ऊब लागते. उबेने रक्त खेळते. आखडलेले स्नायू सैल होतात.

दुसरे साधन म्हणजे बारीक दिव्यांची पट्टी. तिला एलईडीची पट्टी म्हणतात. ती घोड्याच्या पायाला किंवा पाठीला गुंडाळतात.

तिसरे साधन लेसर. बॅटरीचा उजेड पसरतो. लेसरचा उजेड फारसा पसरत नाही, म्हणून त्याचा सगळा जोर एका ठिपक्यावर येतो. लेसरचे वर्ग असतात आणि वर्गाचा आकडा यंत्रावर लिहिलेला असतो. अर्ध्या वॅटहून जास्त शक्तीचा लेसर चौथ्या वर्गात येतो. तो कातडी भाजू शकतो आणि डोळा कायमचा घालवू शकतो. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. यंत्रावरचा आकडा वाचल्याशिवाय यंत्राला हात लावू नका.

आता तुम्ही विचाराल, "याने गुण येतो काय?" काही जखमा, सूज, सांध्यांचे दुखणे यांत उपयोग दिसला आहे. पण काही प्रयोगांत फायदा दिसला, तर काहींत दिसला नाही. म्हणून हे जोडीचे औषध समजावे. आधी रोग ओळखणे, जखम धुणे, विश्रांती देणे, आणि त्याच्या जोडीला उजेड.

ते कसे द्यावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, रोग ओळखल्याशिवाय उजेड देऊ नये. घोडा लंगडतो. का लंगडतो? खुरात खिळा गेला असेल. आत पू झाला असेल. हाड मोडले असेल. खिळा आत राहिला आणि तुम्ही वरून आठ दिवस उजेड दिला, तर काय होईल? धनुर्वात होऊ शकतो. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि बहुधा जीव घेऊन जातो. म्हणून आधी खूर उचला, आत पाहा आणि डॉक्टरला बोलवा. सरकारी फिरत्या पशु दवाखान्यासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. तो लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, डोळे सांभाळा. लेसर डोळ्यात कधीही जाऊ देऊ नये. ज्याचे किरण दिसत नाहीत तो लेसर जास्त धोक्याचा, कारण डोळा आपोआप मिटत नाही. त्या लेसरसाठी केलेला खास चष्मा देणाऱ्याने घालावा आणि जनावर धरणाऱ्यानेही घालावा. उन्हाचा काळा चष्मा चालत नाही. जनावराचे डोळे जाड कापडाने झाका. लगामाच्या कड्या, घुंगरू, पितळी साखळी काढून ठेवा. चकचकीत वस्तूवरून किरण उलटतात. पोरांना लांब ठेवा.

तिसरी गोष्ट, कातडी पाहा. काळी कातडी उजेड जास्त शोषते आणि लवकर तापते. आपली म्हैस काळी, आणि चाचांची घोडीही काळी होती. काळ्या जनावराला मात्रा कमी हवी. तेल, मलम, हळद, चिखल आधी पुसून काढा. जोरदार लेसर एका जागी धरू नये, हात फिरता ठेवावा.

चौथी गोष्ट, काही ठिकाणी उजेड देऊच नये. अंगावर गाठ असेल तर नाही, ती कर्करोगाची असू शकते. बैलाच्या शिंगाच्या मुळाशीही कर्करोग होतो. गाभण जनावराच्या पोटावर नाही. रक्त वाहत असेल तिथे नाही. डोळ्यांवर नाही.

पाचवी गोष्ट, उबेच्या दिव्याची. दिवा सुरुवातीला दोन हात लांब ठेवा. जनावराच्या अंगाला लागून आपल्या हाताची पाठ धरा. तिथे मिनिटभर हात धरवला पाहिजे. चटका बसला तर दिवा मागे घ्या. दिवा साखळीने पक्का टांगा, विजेच्या वायरीवर लोंबता ठेवू नका. गवत, कडबा, भुसा जवळ नको, ठिणगीची वाट न पाहता तो पेटतो. खाली ओल नको. विजेचा धक्का घोड्याला आणि गुरांना माणसापेक्षा लवकर मारतो. आणि दिवा लावून चहाला जाऊ नका.

सहावी गोष्ट सर्वांत सोपी आणि तीच आपण विसरतो. दुखणे थांबले म्हणजे जखम भरली असे नाही. समजा, बैलाचा खांदा सुजला. उजेड दिला, सूज उतरली. दुसऱ्या दिवशी तेच खडबडीत जू पुन्हा मानेवर ठेवले. मग खांदा पुन्हा येणारच. जू तासून गुळगुळीत करा. खांदा पुरता बरा होईपर्यंत बैलाला कामाला जुंपू नका. ज्याने दुखले ते दूर केले नाही, तर हजाराचा दिवाही फुकट.

आता उजेडाची दुसरी बाजू सांगतो. कधी कधी उजेड हेच विष होते.

बांधावर घाणेरी वाढते. कुणी तिला टणटणी म्हणतात. चाऱ्याची टंचाई असली की गुरे ती खातात. तिच्या विषाने काळीज, म्हणजे यकृत, बिघडते. हिरवा चारा पचताना पोटात एक पदार्थ तयार होतो. एरवी यकृत तो बाहेर टाकते. यकृत बिघडले की तो रक्तात साठतो. मग अंगावर ऊन पडले की कातडी भाजते. बांड्या गाईची पांढरी कातडी सोलून निघते आणि काळी तशीच राहते. डोळे पिवळे होतात. लोक म्हणतात, कुणी गरम पाणी ओतले. कुणी ओतलेले नसते. अशा गाईला अंधाऱ्या गोठ्यात बांधा, घाणेरी बंद करा आणि डॉक्टरला बोलवा. तिला कोणताही दिवा दाखवू नका. तिचे औषध सावली आहे.

सारंगखेड्याला आणि माळेगावला यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तुम्ही अशा बाजारांत जाता. तिथे किंवा कुठेही कुणी तुम्हाला म्हणाला, "या एका यंत्राने सगळे रोग जातात," तर त्याला तीन प्रश्न विचारा. लेसर कितव्या वर्गाचा? चष्मा सोबत आहे काय? कोणत्या दुखण्याला किती मिनिटे? उत्तर देता आले नाही, तर पैसे कनवटीला ठेवा.

चाचांचे पुढे काय झाले, ते सांगून पुरे करतो. घोडीची जखम भरली आणि ती पुन्हा तांग्याला लागली. मी स्टँडवर उतरलो की चाचा मला हाक मारीत. "बसा डॉक्टरसाहेब," म्हणत. पैसे घेत नसत. झाल्या गोष्टीबद्दल ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. पण मी मागच्या बाकावर कधी बसलो नाही. पुढे त्यांच्या शेजारी बसलो. तिथून घोडीच्या पाठीवरचा तो पांढरा डाग दिसतो.

त्यानंतर मी पुष्कळ जनावरांना दिवा लावला. एकदाही जनावर सोडून गेलो नाही. तुम्हीही जाऊ नका. ते बोलत नाही, म्हणून आपण तिथे उभे राहायचे.

राम राम.