दोन फळ्यांचें दार

धान्याचे दोन बाजार जोडले गेले हें ओळखावें कसें? एकीकडे भाव चढला कीं दुसरीकडचीं पोतीं तिकडे निघतात, आणि भावांतील अंतर वाहतूक व नफा यांपुरतेंच उरतें.

बांगलादेशानें १९९४ सालीं खासगी व्यापाऱ्यांस तांदूळ आयातीची मोकळीक दिली. तिची कसोटी १९९८ च्या महापुरांत लागली. दोनतृतीयांश देश पाण्याखालीं जाऊन अमन भाताचें पीक बुडालें. १९७४ च्या दुष्काळाची आठवण होतीच. पण ढाक्यास भाव वाढतांच बेनापोल, हिली या नाक्यांवरून भारतीय तांदूळ आंत येऊं लागला. सरकारपेक्षां व्यापाऱ्यांनींच अधिक धान्य आणलें, आणि भारतांतील भाव व वाहतूकखर्च यांच्या बेरजेपाशीं तेथील भाव थबकला. व्यापारी म्हटला कीं आम्हां मास्तरांस साठेबाजच आठवतो. येथें तो समज टिकत नाहीं.

मात्र या दाराची दुसरी फळी भारताच्या हातीं. ऑक्टोबर २००७ पासून भारतानें बासमतीखेरीज तांदळाची निर्यात आंवळली व एप्रिल २००८ मध्यें बंद केली. सिद्र वादळानें झोडपलेल्या बांगलादेशांत भाव भडकले. भारतानें पांच लाख टन तांदूळ देण्याचें कबूल केलें खरें. पण तो पोंचण्यास महिने लागले.