तारेचा टाइमस्टॅम्प

बरेच जण विचारतात, ड्युटीवर गोळी झाडली तर पोलिसावर खुनाचा गुन्हा लागतो का? लागतो. पण पुरावा कुठून आणणार?

मुंबईचीच केस घ्या. ११ नोव्हेंबर २००६. वाशीतून रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याच्या मित्राला उचललं. रात्री पोलीस म्हणाले, वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ चकमक झाली, तो मेला. तेव्हा अशा वेळी गुन्हा बहुतेकदा मेलेल्यावरच नोंदवायचे, खुनाच्या प्रयत्नाचा!

पण याचा भाऊ वकील. गोळी चालायच्या काही तास आधीच त्याने वरिष्ठांना तारा, फॅक्स केले होते, की भावाला उचललंय. मी लॉग वाचून पोट भरणारा माणूस. माझ्या मते केसचा कणा म्हणजे त्या तारेवरची वेळ.

तरी किती वर्षं गेली बघा. हायकोर्टाने एसआयटी नेमली. तो मित्र, म्हणजे मुख्य साक्षीदार, २०११ मध्ये साक्षीच्या तोंडावर गायब झाला, मग त्याचा मृतदेहच मिळाला. जुलै २०१३ ला २१ जणांना जन्मठेप, त्यात १३ पोलीस. (त्याच महिन्यात देशातली तारसेवा बंद झाली, बरं का.) प्रदीप शर्मा तेव्हा सुटले, मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने त्यांनाही जन्मठेप दिली, मग ते सुप्रीम कोर्टात गेले.

२०१४ पासून सुप्रीम कोर्टाचे नियम आहेत: चकमकीत कुणी मेलं की एफआयआर, आणि तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे. तरी घरच्या कुणाला असं उचललं, तर आयुक्तांना, मानवी हक्क आयोगाला ईमेल टाका. सकाळची वाट बघू नका.