क्युबाचा हिरवा गालिचा : आधी मुळं, मग पाणी

टाकीच्या तळाशी हिरवा गालिचा धरायचा कसा, हा तुमचा नेहमीचा प्रश्न. आज मी बोलणार आहे हेमिॲन्थस कॅलिट्रिकॉइडिसबद्दल. दुकानात 'एचसी क्युबा' म्हणून मागा. मूळ क्युबाचं, पान इवलंसं, काही मिलिमीटरचं.

हे रोप हौसेनं आणून पाण्यात लावतात आणि दोन आठवड्यांत ते पिवळं पडून विरघळतं. का? कारण रोपवाटिकेत ते बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड पाण्यापेक्षा हवेत साधारण दहा हजारपट वेगानं पसरतो. म्हणजे हवेत ताट समोर वाढलेलं! पाण्यात ते ताट लांब जातं, वर नवी पानं घडवायची. एवढ्याशा रोपाकडे शिल्लक ती कितीशी असणार?

म्हणून मी सांगतो, आधी मुळं, मग पाणी. यालाच 'ड्राय स्टार्ट' म्हणतात. ॲक्वासॉइल ओलं करा, पण वर पाणी साचू देऊ नका. रोपाचे छोटे पुंजके चिमट्यानं दोन-तीन सेंटिमीटरवर खोचा. टाकीवर क्लिंग फिल्म ताणा, दिवा दहा-बारा तास. रोज एकदा फिल्म उघडून हवा खेळू द्या, नाहीतर बुरशी धरते. पावसाळ्यात जास्तच जपा. माती सुकतेय असं वाटलं तर फवारा मारा. माझ्या दोन फुटी टाकीत साडेपाच आठवडे लागले. हलकेच ओढूनही रोप उपटलं नाही, की पाणी भरायचं, तेही ताटलीवर, हळूहळू.

ड्राय स्टार्टनं सिलिंडर मात्र टळत नाही. पाणी भरल्या दिवसापासून क्युबाला गॅस द्यायचा, आणि दिवा सहा तासांवर आणायचा, नाहीतर शेवाळ. अमोनिया तपासल्याशिवाय मासे सोडू नका. ड्रॉप चेकर हिरवा राहील इतकाच गॅस. तो पिवळा झाला, मासे वर येऊन धापा टाकायला लागले, तर आधी गॅस बंद, हवेचा पंप चालू. गालिच्यापायी मासे गमवायचे नाहीत!

सिलिंडर झेपत नसेल तर मॉन्टे कार्लो घ्या. पान जरा मोठं, पण रोप सोशिक.

आणि छाटलेले तुकडे नाल्यात-तळ्यात टाकू नका. वाळवून कुंडीत घाला. बाहेरून आलेली जलपर्णी काय करते, ते आपल्या नद्यांत दिसतंच आहे. भेटू पुढच्या भागात.